उंबरठ्यावरचा जीव

वऱ्हाडातील हिवाळा हा एकाच वेळी कष्टाचा आणि सुट्टीचा काळ आहे. वावरात कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांनी वाकलेली असते, हरभरा घाट्यावर येत असतो आणि वरुड-मोर्शीच्या बागांतून आंबिया बहाराची संत्री उतरत असतात. त्याच दिवसांत शाळांना नाताळची सुट्टी लागते, लग्नकार्ये निघतात आणि अमरावती-अकोल्याची कुटुंबे चार-आठ दिवसांसाठी मुंबई, पुणे, नागपूर किंवा हैदराबादची वाट धरतात. सामान बांधून होते, तिकिटे हाती येतात, शेजाऱ्याकडे किल्ली दिली जाते. ज्या घरांनी शेताच्या किंवा घराच्या राखणीसाठी कुत्रा पाळला आहे, तिथे मात्र एक प्रश्न शेवटपर्यंत अनुत्तरित राहतो. दाराशी बसलेल्या या जीवाचे काय करायचे? त्याला सोबत न्यायचे, की मागे ठेवायचे?

हा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटेल. आपल्या समाजात त्याचे उत्तर बहुधा दोन प्रकारे दिले जाते. काही जण म्हणतात, कुत्रा नापाक आहे, त्याचा एवढा विचार कशाला? साखळीने बांधून ठेवा किंवा सोडून द्या, तो आपले पाहून घेईल. काही जण, विशेषतः शहरांत वाढलेली नवी पिढी, म्हणते, तो आमच्या घरातलाच आहे, आम्ही जाऊ तिथे तोही येणार. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. पहिल्या उत्तराचा आधार आपला तिटकारा आहे, तर दुसऱ्याचा आपला लळा. दोन्हींत मोजमाप आपल्या भावनेचेच आहे. त्या मुक्या जीवाचा हक्क काय, हे दोघांनीही विचारलेले नाही. इस्लामची शिकवण मात्र भावनेपासून नव्हे, हक्कापासून सुरू होते.

अंतर आणि दया: दोन्ही एकाच शिकवणीतून

कुत्र्याविषयी शरीअतचे नियम सर्वांना ठाऊक आहेत. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीनुसार गुरांची राखण, शिकार किंवा शेती यांखेरीज जो कुत्रा पाळतो, त्याच्या पुण्यातून दररोज एक कीरात घटतो. ज्या घरात कुत्रा असतो, तिथे फरिश्ते प्रवेश करीत नाहीत, ही हदीसही प्रसिद्ध आहे. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीने, धुण्याचा आदेश आहे. फिकहच्या इमामांनी यावर सविस्तर विचार केला. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, पण प्रबळ मतानुसार त्याचे अंग मुळातच नापाक नाही. शाफई मतानुसार तो संपूर्ण नापाक आहे. इमाम मालिक यांच्या मते तो पाक असून भांडे धुण्याचा आदेश इबादत म्हणून पाळायचा आहे. वऱ्हाडात बहुसंख्य लोक हनफी, तर कोकणात शाफई. त्यामुळे नात्यागोत्याच्या बैठकीत यावर वाद झाला तर नवल नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून अमल करावा.

परंतु हे सर्व नियम आपल्या कपड्यांविषयी, भांड्यांविषयी आणि घराविषयी आहेत. त्या प्राण्याच्या भुकेविषयी, तहानेविषयी आणि वेदनेविषयी त्याच प्रेषितांनी (स.) वेगळे नियम दिले आहेत, आणि तिथे कुत्रा म्हणून कोणतीही सूट ठेवलेली नाही. वाटेत तहानलेला एक माणूस विहिरीत उतरून पाणी प्याला, वर आला तेव्हा एक कुत्रा तहानेने ओली माती चाटताना त्याला दिसला. तो पुन्हा उतरला, आपल्या पायातला मोजा पाण्याने भरून दातांत धरून वर आला आणि त्या कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला मोबदला आहे काय? तेव्हा प्रत्येक सजीवाच्या बाबतीत मोबदला आहे, असे उत्तर मिळाले. लक्षात घ्या, तो माणूस त्या कुत्र्याचा मालक नव्हता. त्याला त्याचा लळा नव्हता, राखणीसाठी त्याची गरजही नव्हती. जे होते ते इतकेच, की एका तहानेने दुसरी तहान ओळखली.

पवित्र कुरआनातील सूरह अल-अनआमच्या ३८व्या आयतीत पृथ्वीवरील प्राणी व पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सांगितले आहे. सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत प्रशिक्षित शिकारी प्राण्यांनी धरून आणलेले भक्ष्य हलाल ठरविले आहे, म्हणजे प्राण्याला मिळालेल्या शिकवणीचीही तिथे नोंद आहे. सूरह अल-कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांचा कुत्रा उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला आहे. लोक त्या तरुणांची संख्या मोजतात, तेव्हा चौथा, सहावा, आठवा म्हणून त्याचीही गणना होते. आपल्या ईमानासाठी घर सोडून निघालेल्या त्या तरुणांच्या प्रवासात तो सोबत होता. तो गुहेच्या आत मध्यभागी नव्हता आणि रानात टाकून दिलेलाही नव्हता. तो उंबरठ्यावर होता. कुत्र्याविषयीची आपली सारी शिकवण या एका जागेत सामावली आहे, असे म्हणता येईल. त्याला अंतर आहे, पण त्याला स्थानही आहे.

ज्याच्याविषयी आपल्याला अंतर राखण्यास सांगितले आहे, त्याचाच हक्क अदा करण्यास सांगणे ही मोठी नैतिक कसोटी आहे. लाडक्या मुलाला घास भरविणे सोपे आहे, कारण त्यात आपल्यालाही सुख मिळते. ज्याच्या स्पर्शानंतर हात धुवावा लागतो, त्याच्यापुढे वेळेवर पाणी ठेवणे हे निखळ कर्तव्य आहे.

प्रवास: त्याची निवड आपली, त्याचा त्रास कोणाचा?

प्रेषितांनी (स.) प्रवासाला यातनेचा एक अंश म्हटले आहे. प्रवास माणसाचे खाणे, पिणे आणि झोप अडवितो, म्हणून काम उरकताच घरी लवकर परतावे, अशी त्यांची शिकवण आहे. आपण ही यातना स्वतः निवडतो, कारण तिच्या पलीकडे आपल्याला काही हवे असते. नातेवाइकांची भेट, समुद्रकिनारा, मुलांची हौस. सोबत नेलेल्या प्राण्याने यातले काहीच निवडलेले नसते. त्याच्या वाट्याला फक्त ते अडलेले खाणे, पिणे आणि झोप येते.

म्हणूनच प्रवासातील जनावरांविषयी प्रेषितांची (स.) शिकवण इतकी तपशीलवार आहे. हिरव्यागार प्रदेशातून जाताना उंटांना जमिनीतील त्यांचा वाटा घेऊ द्या आणि दुष्काळी प्रदेशातून जाताना त्यांना लवकर पार न्या, असे सांगितले गेले. जनावरांच्या पाठीला व्यासपीठ करू नका, म्हणजे विनाकारण त्यांच्यावर बसून गप्पा मारत राहू नका, असेही सांगितले गेले. ह. अनस (रजि.) सांगतात, की मुक्कामावर पोहोचल्यावर जनावरांच्या पाठीवरचे ओझे उतरवल्याखेरीज आम्ही नफ्ल नमाज़ही सुरू करीत नसू. स्वतःच्या इबादतीआधी जनावराचा आराम! ज्या समाजाने वाळवंटात ही शिस्त पाळली, त्याचे वारस आपण आहोत.

सीरतच्या ग्रंथांतही एक प्रसंग आहे. वाकिदी यांनी नोंदविले आहे, की हिजरी सन ८ मध्ये दहा हजारांचे सैन्य मक्केकडे निघाले असता वाटेत एक कुत्री पिलांना जवळ घेऊन गुरगुरताना दिसली. प्रेषितांनी (स.) जुऐल बिन सुराका (रजि.) यांना तिच्याजवळ उभे केले, जेणेकरून सैन्यातील कोणी तिला किंवा पिलांना त्रास देऊ नये. मक्का-विजयासारख्या मोहिमेच्या घाईतही एक माणूस या कामासाठी वेगळा काढता येतो. मग आपल्या सुट्टीच्या घाईत का काढता येऊ नये?

इथे आणखी एका हदीसचा विचार करणे आवश्यक आहे. ज्या काफिल्यात कुत्रा किंवा घंटा असते, त्याच्यासोबत फरिश्ते राहत नाहीत. या प्रकारच्या हदीसींचा अर्थ लावताना इमाम खत्ताबी यांनी म्हटले, की शिकार, शेती व गुरांच्या राखणीसाठी ज्याची परवानगी आहे तो कुत्रा यात येत नाही. इमाम नववी यांनी मात्र हा आदेश सर्व कुत्र्यांना लागू असल्याचे मत अधिक जवळचे मानले. मतभेद असला तरी एक गोष्ट दोघांच्या म्हणण्यातून निघते, की कुत्र्याला केवळ मिरविण्यासाठी सहलीला नेणे मोमिनाला शोभत नाही. त्याला थंडीचे रंगीत कपडे चढवून समुद्रकिनारी छायाचित्रे काढणे हा त्याचा हक्क नव्हे, तो आपला दिखावा आहे. आणि दिखाव्यावर उधळलेला पैसा इस्राफ ठरतो.

सोबत नेताना

तरीही कधी कधी सोबत नेणे भाग पडते. एखादे कुटुंब कायमचे शहरात राहायला जाते, मागे कोणीच उरत नाही. कधी उपचारासाठी प्राण्याला मोठ्या शहरात न्यावे लागते. अशा वेळी त्याच्या प्रवासाचे वास्तव पाहावे.

अमरावती, बडनेरा किंवा अकोला येथून मुंबईला जाणारी रात्रीची गाडी घ्या. भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार कुत्र्याला वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणीत किंवा शयनयानात नेता येत नाही. प्रथम श्रेणीचा संपूर्ण कूपे वा कक्ष राखून घेतला तर तो सोबत राहू शकतो. नाहीतर त्याची नोंदणी करून, लगेजच्या दराने पैसे भरून त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. त्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी मालकाचीच असते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. आपण ब्लँकेटमध्ये झोपलो आहोत आणि आपला राखणदार अंधाऱ्या, खडखडणाऱ्या पेटीत थरथरत आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पेटीत अंथरूण दिले का? शेगाव गेले, भुसावळ आले, कोणी उतरून त्याला पाणी पाजले का? मुक्कामावर आधी ओझे उतरवणाऱ्या सहाबांची आठवण इथे उपयोगी पडते.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनाही हाच विचार लागू आहे. अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा तयार झाला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, आपले तास वाचले, याचा आनंदच आहे. पण कुत्र्याचे पोट गाडीत ढवळते ते रस्त्याच्या दर्जामुळेच असे नाही. त्याला मधूनमधून उतरवावे लागते, मोकळे व्हावे लागते. थांबून जेवताना त्याला बंद काचांच्या गाडीत कोंडून ठेवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे, कारण उन्हात उभ्या गाडीचा आतला भाग हिवाळ्यातल्या दुपारीही झपाट्याने तापतो.

मुक्कामाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कोंढवा किंवा मुंब्रा येथे आपल्या नातेवाइकांचे दोन खोल्यांचे घर असते. तिथेच नमाज़ची जागा, तिथेच मुलांचे अंथरूण. पाहुण्याने यजमानाला अडचणीत टाकेपर्यंत मुक्काम करू नये, असे हदीसमध्ये स्पष्ट सांगितले आहे. न विचारता कुत्र्यासह दाराशी उभे राहणे म्हणजे यजमानाला संकोचात पाडणे होय. तो नाही म्हणू शकत नाही आणि त्याच्या घरातील वृद्ध आई आपली चटई कुठे अंथरावी या विवंचनेत पडते. प्राण्याचा हक्क अदा करताना माणसाचा हक्क मोडणे हा न्याय नव्हे. शिवाय ज्या कुत्र्याला आपले वावर, आपला धुरा, आपली विहीर वासाने ठाऊक असते, तो सातव्या मजल्यावरच्या अनोळखी खोलीत बहुधा घाबरून कोपऱ्यात बसतो. सोबत नेणे हे नेहमीच प्रेमाचे लक्षण नसते. कधी कधी ते आपल्याला विरह सोसवत नाही एवढेच असते.

मागे ठेवताना

वऱ्हाडात ज्या कुत्र्यांना शरीअतची परवानगी सर्वाधिक स्पष्टपणे लागू होते, ते वावरातले राखणदार आहेत. आणि त्यांच्या कामाचा खरा हंगाम हिवाळाच आहे. रात्री हरभऱ्यात रोही उतरतात, रानडुकरे तूर लोळवतात. मालक मचाणावर जागल करतो, तेव्हा अंधारात पहिली चाहूल लागते ती कुत्र्याला. म्हणजे ज्या दिवसांत तो आपल्यासाठी सर्वाधिक झिजतो, त्याच दिवसांत आपण सुट्टीवर निघतो. म्हणून त्याला मागे ठेवणे बहुतेक वेळा योग्य असले, तरी मागे ठेवणे आणि टाकून जाणे यांत फरक आहे.

ज्यांचे पोषण आपल्यावर अवलंबून आहे, त्यांना वाऱ्यावर सोडणे एवढे एकच पाप माणसाला पुरेसे आहे, या आशयाची हदीस अबू दाऊद यांनी नोंदविली आहे. मांजर कोंडून ठेवणाऱ्या त्या स्त्रीचा वृत्तान्त आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा गुन्हा नेमका पाहा. तिने खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाऊन जगण्याची मोकळीकही दिली नाही. म्हणजे पोषणाची जबाबदारी घेतली, पण पार पाडली नाही. चार दिवसांच्या भाकरी एकदम टाकून आखूड साखळीने बांधून ठेवलेला कुत्रा नेमक्या याच अवस्थेत असतो. भाकरी दुसऱ्या दिवशी वाळते, पाण्याचे भांडे त्याच्याच धडपडीत लवंडते आणि साखळी त्याला विहिरीपर्यंत जाऊ देत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, अवाजवी आखूड साखळीने बांधणे आणि भूक-तहानेने तडफडेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हे गुन्हे ठरविले आहेत. पण मोमिनाला कायद्याआधी आखिरतचे भय असावे. शिंगे नसलेल्या शेळीलाही शिंगे असलेल्या शेळीकडून न्याय मिळवून देणाऱ्या त्या दिवशी मुक्या जिवाचा दावा ऐकला जाणार नाही, असे कोण म्हणेल?

म्हणून निघण्यापूर्वी एक माणूस ठरवावा. केवळ येता-जाता पाहा असे सांगून भागत नाही. सकाळ-संध्याकाळ कोण येईल, काय खायला देईल, थंडीत झोपायला पोते आणि आडोसा कुठे असेल, आजारी पडला तर कोणत्या पशुवैद्यकाकडे न्यायचे, हे सांगून जावे. रेबीजची लस वेळेवर दिलेली असावी, कारण त्याची काळजी घेणाऱ्या माणसाच्या जिवाचीही जबाबदारी आपल्यावर आहे. आणि इथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. बहुतेक वेळा हे काम आपण सालगड्यावर टाकतो. तो नाही म्हणत नाही, कारण तो म्हणू शकत नाही. आपण कुत्र्याच्या भाकरीचे पीठ ठेवून गेलो नाही, तर ती भाकरी त्याच्या घरच्या टोपल्यातून जाते. आपल्या सुट्टीचा भार एका गरीब घराने उचलावा, हे कोणत्या न्यायात बसते? मजुराला त्याची मजुरी घाम वाळण्यापूर्वी देण्याची शिकवण जिथे आहे, तिथे या वाढीव कामाचा मोबदला आणि कुत्र्याच्या खाण्याचा खर्च आधी हातावर ठेवूनच निघायला हवे.

काही कुत्री म्हातारी होतात, त्यांना दिसेनासे होते, भुंकणेही क्षीण होते. सहलीच्या निमित्ताने अशा कुत्र्याला दूरच्या धाब्यावर उतरवून पुढे निघून जाणारे लोक आहेत. सातव्या हिजरी शतकातील थोर शाफई विद्वान इज़्ज़ुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक्क सांगताना पहिल्याच ओघात लिहिले आहे, की जनावर म्हातारे झाले किंवा आजारामुळे त्याच्यापासून काही लाभ उरला नाही, तरी त्याच्यावर खर्च करणे मालकावर बंधनकारक आहे. लाभ संपला म्हणून हक्क संपत नाही. हा नियम कुत्र्यापुरता ठेवू नका. आपल्या घरातील वृद्धांकडे पाहण्याची दृष्टीही मुले इथूनच शिकतात.

एक आक्षेप

कोणी विचारील, माणसे थंडीने कुडकुडत असताना, शेजारी उपाशी असताना, कुत्र्याचा एवढा विचार कशासाठी? प्रश्न योग्य आहे, आणि सहलीला कुत्र्याच्या कपड्यांवर पैसा उधळणाऱ्याला तो अवश्य विचारावा. पण भाकरी आणि पाणी ही उधळपट्टी नव्हे. शिवाय अनुभव असा, की गरिबाचे नाव घेऊन कुत्र्याचे पाणी तोडणारा ते तोडलेले पाणी गरिबाच्या दारी नेऊन देतोच असे नाही. दया ही मोजून ठेवलेली रास नाही, की एकीकडे दिली तर दुसरीकडे कमी पडावी. जो मागे राहिलेल्या मुक्या जिवाची आठवण ठेवून निघतो, त्याला मागे राहिलेला शेजारी, आजारी मावशी आणि सालगड्याची मुलेही आठवतात.

ज्यांच्या घरी कुत्रा नाही, त्यांनाही या विचारातून वाटा आहे. मोहल्ल्यातील मुले रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारतात आणि मोठी माणसे हसतात. नापाक असणे म्हणजे मार खाण्यास पात्र असणे, हा अर्थ त्या मुलांना कोणी शिकवला? प्रेषितांच्या (स.) काळात कुत्री मस्जिदीत येत-जात असत, असे ह. इब्ने उमर (रजि.) यांनी सांगितले आहे. तिथे त्यांना दगड मारल्याचा उल्लेख नाही. आपल्या मुलांना हात धुण्याचा नियम जरूर शिकवा, पण त्याच दिवशी त्यांच्या हातून दाराबाहेर पाण्याचे एक भांडे ठेववून घ्या. तहारत आणि रहमत ही दोन्ही एकाच दिनची शिकवण आहे, हे त्यांना शब्दांनी सांगावे लागणार नाही.

प्रवासाला निघताना आपण सवारीची दुआ पढतो, वाटेतील संकटांपासून आणि घरी परतल्यावर कुटुंबाची दुरवस्था पाहण्यापासून अल्लाहचा आश्रय मागतो. ती दुआ पढण्यापूर्वी उंबरठ्याकडे एकदा पाहावे. ज्याने रात्री आपल्या वावराची राखण केली, त्याचे आजचे आणि उद्याचे पाणी कोणाच्या हाती सोपविले आहे, याचे उत्तर आपल्याजवळ असावे. अल्लाह आपल्याला आपल्या हाताखालील प्रत्येक जिवाचा हक्क ओळखण्याची आणि तो अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.